नळाच्या पाण्यातला क्लोरोफॉर्म : सोसायटीच्या सभेतून तडक इथेच येतोय

जुना टनर (धागाकर्ता)

रविवारी सोसायटीची सभा होती. विषय लिफ्टचा, पोचला पाण्यावर. खजिनदारांनी मोबाईल वर धरून एक ढकलपत्र वाचलं. ‘पाण्यातल्या क्लोरीनपासून क्लोरोफॉर्म बनतो, त्याने कॅन्सर होतो, प्रगत देशांनी क्लोरीन कधीच बंद केलाय.’ तिथल्या तिथे ठराव झाला, की टँकर आल्यावर जमिनीखालच्या टाकीत आपण जो हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन) ओततो तो आजपासून बंद. अकरा विरुद्ध चार. त्या चारांत मी.

ते पत्र साफ खोटं असतं तर दोन मिनिटांत निकालात काढलं असतं. पंचाईत अशी की ते अर्धंअधिक खरं आहे. मी एकतीस वर्षं एका जलशुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट होतो, तेव्हा हे मला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं, आणि कबूल केलं तिथेच मी हरलो.

तर आधी खरं काय ते. धरणाच्या पाण्यात पाला, शेवाळं, माती कुजून आलेली सेंद्रिय द्रव्यं विरघळलेली असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी चहासारखं दिसतं, त्यात गढूळपणा असतोच, पण विरघळलेला ह्युमिक, म्हणजे पाला-माती कुजून झालेला माल पण असतो. क्लोरीन जंतूंना मारतो तसाच या मालालाही जाऊन भिडतो, आणि त्यातून ट्रायहॅलोमिथेन नावाची चार भावंडं निघतात. थोरला क्लोरोफॉर्म. पाण्यात ब्रोमाइड असेल (खाडीजवळच्या विहिरी, बोअर) तर ब्रोमीनवाली तिघं जास्त. शिवाय हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं वगैरे सावत्र भावंडं आहेतच. पाणी जितकं कोमट आणि नळात जितका वेळ मुक्काम, तितका क्लोरोफॉर्म जास्त.

हे आधी कोणाला माहीतच नव्हतं. क्लोरीनचा सलग वापर इंग्लंडात लिंकनला १९०५ मध्ये सुरू झाला, अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ मध्ये. पुढची पासष्ट-सत्तर वर्षं सगळे खूश, कारण टायफॉईड ओसरला. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीखात्यातले योहानेस रोक यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्म नदीतून येत नाही, तो आपण केंद्रातच तयार करतो. रोक त्याआधी बिअरच्या धंद्यात होते. बाटलीतल्या द्रवावरची वाफ तपासून वास ओळखायची तिथली युक्ती त्यांनी पाण्याला लावली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सरकारी रसायनज्ञांनाही तेच सापडलं. १९७६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत क्लोरोफॉर्मने कर्करोग झाल्याचा अहवाल आला आणि १९७९ मध्ये अमेरिकेने पहिली मर्यादा घातली, चारही मिळून लिटरला १०० मायक्रोग्रॅम. आता ती ८० आहे.

म्हणजे पत्राचा पहिला भाग खरा. पण म्हणून हायपो बंद? टँकर कुठल्या विहिरीतून भरून येतो ते आपल्यापैकी कोणीही पाहिलेलं नाही!

तुमच्याकडे काय करतात? लिहिते व्हा.

---

आळशी मांजर

टनरकाका, थोरला भाऊ, सावत्र भावंडं... पाण्याचं सात-बाराच काढलात. वाखु (वाचनखूण) साठवली.

एक बाळबोध प्रश्न. नळाला औषधाचा उग्र वास येतो त्या दिवशी क्लोरोफॉर्म जास्त असतो का?

---

जुना टनर

बाळबोध नाही, सगळ्यांचा हाच गैरसमज असतो. तो वास क्लोरोफॉर्मचा नसतो. बऱ्याचदा मोकळ्या क्लोरीनचाही नसतो, क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. जलतरण तलावावर डोळे चुरचुरतात ती त्यातल्याच ट्रायक्लोरामाइनची कृपा, घाम आणि लहान मुलांची कृपा धरून. पाण्यात क्लोरोफॉर्म ज्या प्रमाणात असतो, त्या प्रमाणात नाकाला कळत नाही. म्हणून तर तो सत्तर वर्षं लपून राहिला.

---

शंकासुर

तुम्ही खात्यातले, म्हणून क्लोरीनची बाजू घेणार. मला साधा हिशोब सांगा. माझ्या पोटात रोज किती जातो आणि त्याने काय होतं?

---

जुना टनर

हिशोब घ्या. लिटरला १०० मायक्रोग्रॅम धरू. रोज दोन लिटर म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. वर्षाला ७३ मिलिग्रॅम. सत्तर वर्षांत पाच ग्रॅमच्या थोडं वर. क्लोरोफॉर्म पाण्याच्या दीडपट जड, म्हणजे साडेतीन मिली. जन्मभरात चहाचा एक चमचाही भरत नाही.

---

स्टेथोस्कोप

टनरसाहेब, हिशोब बरोबर, युक्तिवाद लंगडा. चमचाभर म्हणजे थोडं असं विषाच्या बाबतीत म्हणता येत नाही, आणि तुम्ही फक्त पिण्याचं धरलंत. हे पदार्थ उडणारे आहेत. गरम पाण्याने बंद न्हाणीघरात दहा मिनिटं अंघोळ केली की वाफेतून आणि कातडीतून जे आत जातं ते दिवसभराच्या पिण्याच्या बरोबरीने असू शकतं. पोटातून गेलेला माल आधी यकृतात जातो आणि तिथे बराचसा मोडतो. श्वासातून गेलेल्याला ती चौकी लागत नाही.

आता आजाराचं. सगळ्यात सातत्याने दिसलेला संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाचा आहे. २०२० मध्ये युरोपीय संघातल्या देशांचा मोठा अभ्यास आला. नळाच्या पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनची सरासरी लिटरला ११.७ मायक्रोग्रॅम, आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या सुमारे ५ टक्के रुग्णांचं, म्हणजे वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास रुग्णांचं, कारण त्याला जोडता येईल असा अंदाज. ‘जोडता येईल’ हे शब्द महत्त्वाचे. कदाचित खरा गुन्हेगार दुसराच एखादा पदार्थ असेल आणि ट्रायहॅलोमिथेन हा फक्त त्याच्याबरोबर फिरणारा, मोजायला सोपा साथीदार. आणि याच कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो. माझ्याकडे क्लोरीनबद्दल विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खिशात पाकीट असतं.

गर्भारपणाबद्दल इथे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात जास्त ट्रायहॅलोमिथेनचं गार पाणी दिवसाला पाच किंवा जास्त पेले पिणाऱ्या बायकांत गर्भपात जास्त दिसले. खूप गवगवा झाला. २००५ च्या सुमारास याच प्रश्नावर आखून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात तसं दिसलं नाही. सबब घाबरू नका, आणि कोणी ‘काहीच होत नाही’ म्हणालं तर तेही मानू नका.

---

चिंचोके

थोडक्यात, पाणी पिऊ नका, अंघोळ करू नका. दुसरी अट आमचे चिरंजीव आजही पाळतात.

---

कालव्यापलीकडे

टनरकाका, मी गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. तुमच्या खजिनदारांच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, क्लोरीन बंद केल्याचं, आमच्या देशाबद्दल तरी खरं आहे. इथे नळाच्या पाण्यात क्लोरीन नसतो. रोक यांच्या शोधानंतर एकेक करत केंद्रांनी तो कमी केला आणि २००५ च्या सुमारास पूर्ण थांबवला. नळाला तोंड लावून पितो आम्ही, पाण्याला कसलाही वास नाही. मग भारतात अडचण काय? इच्छाशक्तीच ना?

---

जुना टनर

मला वाटलंच होतं हे येणार.

कालवेकर, तुमच्या गावात नळाला पाणी किती तास येतं?

---

कालव्यापलीकडे

म्हणजे? येतंच की. कायम.

---

जुना टनर

आणि माझ्या गावात सकाळी दीड तास. उरलेले साडेबावीस तास ती पाइपलाइन रिकामी, आणि शेजारून गटार वाहतंय. दाब गेला की गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सकाळी पहिलं पाणी सुटतं ते सगळं घेऊन तुमच्या हंड्यात. केंद्रातून मी स्फटिकासारखं पाणी सोडलं, तरी त्याच्या सोबतीला नळापर्यंत कोणीतरी राखणदार हवाच. तो म्हणजे उरलेला क्लोरीन. आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम ठेवायला सांगितलाय, विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५.

तुमच्याकडे गळती पाच टक्क्यांच्या आसपास, दाब चोवीस तास, पाणी वाळूच्या टेकड्यांतून मुरवून घेतलेलं, नाहीतर ओझोन, अतिनील किरण, संथ वाळूचे बेड अशा चाळण्यांतून गेलेलं. जंतूंना खायला त्यात काही उरतच नाही. आधी उपासमार केली, मग राखणदाराला सुट्टी दिली. आणि कायदाही कडक, वर्षाला दहा हजारांत एकापेक्षा जास्त माणसाला लागण होता कामा नये. आपण शेवटची पायरी पहिली करायला निघालोय.

---

कालव्यापलीकडे

मान्य. चोवीस तास पाणी ही गोष्ट मी इतकी गृहीत धरायला लागलोय याची जरा लाजच वाटली. पुण्याला आजीकडे पहाटे पाचला पिंप भरायला मीच उठायचो.

एक भर घालतो. ओझोन निर्दोष नाही. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे ब्रोमेट तयार होतं आणि त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी खाली आहे. बाटलीबंद पाण्यालाही ओझोन देतात. तेव्हा ‘आम्ही बाटलीचंच पितो’ म्हणणाऱ्यांनी फार कॉलर ताठ करू नये.

---

शंकासुर

पेरू देशाचं उदाहरण राहिलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी कॅन्सरच्या भीतीने क्लोरीन बंद केला आणि १९९१ मध्ये कॉलऱ्याने हजारो मेले. हे वाचून माझं मत बदललं, खरं सांगतो.

---

स्टेथोस्कोप

शंकासुर, मत बदललंत याचा आनंद आहे, पण ही गोष्ट जशी सांगतात तशी घडलेली नाही. कॉलरा खराच. १९९१ या एका वर्षात पेरूत सव्वातीन लाखांच्या आसपास रुग्ण आणि सुमारे २,९०० मृत्यू. लिमातल्या काही विहिरींना क्लोरीन न देण्यामागे अमेरिकी अभ्यासांची भीती होती, अशी बातमी त्या वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आली आणि तेव्हापासून ती क्लोरीनवाल्यांच्या प्रत्येक भाषणात असते. नंतर ज्यांनी खोलात जाऊन पाहिलं त्यांना वेगळंच चित्र दिसलं. त्रुहियो शहरात पाण्याला क्लोरीनच नव्हता, पाणी ठरावीक वेळ यायचं, चोरून जोडलेले नळ होते, घरात साठवलेलं पाणी विहिरीतल्यापेक्षा घाण. भीतीने ‘बंद केला’ असं म्हणायला आधी नीट सुरू असायला हवा ना. आपल्या बाजूची म्हणून तपासणी न करता गोष्ट पुढे ढकलायची असेल तर खजिनदारांना तरी का हसायचं?

---

पोटोमॅककाठची

मी वॉशिंग्टनच्या शेजारी आर्लिंग्टनला राहते. आमच्याकडचा किस्सा लिहायलाच हवा, कारण तो ‘क्लोरीन नको तर दुसरं काही घाला’ म्हणणाऱ्यांसाठी आहे.

आमचं आणि राजधानीचं पाणी एकाच ठिकाणाहून येतं, पोटोमॅक नदीतून, लष्कराच्या अभियंता विभागाच्या केंद्रातून. ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा कडक होत होती म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी नळांतला राखणदार बदलला. मोकळ्या क्लोरीनऐवजी क्लोरामाइन. तो मंद असतो, सेंद्रिय मालाशी फारसा भांडत नाही, त्यामुळे ट्रायहॅलोमिथेन खाली आले. कागदावर उत्तम.

पण शहरातल्या जुन्या घरांना शिशाचे नळ होते. इतकी वर्षं क्लोरीनमुळे त्यांच्या आतून शिशाच्या डायॉक्साइडचा एक घट्ट थर बसलेला, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. क्लोरीन गेला आणि तो थर सुटायला लागला. शिसं सरळ पेल्यात. जानेवारी २००४ मध्ये वर्तमानपत्रात आलं तेव्हा लोकांना कळलं. तपासलेल्या सहा हजारांवर घरांपैकी चार हजारांवर घरांत शिसं लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर. तीन वर्षं लहान मुलं ते पाणी पीत होती. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी हे प्रकरण लावून धरलं, हेच गृहस्थ पुढे मिशिगनमधल्या फ्लिंट शहराच्या पाण्यात शिसं सापडलं त्या वेळीही होते. २००४ मध्येच पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालायला सुरुवात झाली, त्याने नळांत नवा थर बसला.

अजूनही दर वसंतात काही आठवडे नळ धुऊन काढण्यासाठी पुन्हा साधा क्लोरीन देतात. त्या दिवसांत चहाची चव बदलते. सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, आपल्या डोंबिवलीसारखं लागतंय पाणी,’ आणि खूश झाल्या.

आणि हो, क्लोरामाइन भांडं उघडं ठेवून उडत नाही. मैत्रिणीने मत्स्यालयात तसंच पाणी घातलं आणि सगळे मासे मेले. डायलिसिसवाल्यांना तर तो काढूनच टाकावा लागतो.

---

आळशी मांजर

बाप रे. म्हणजे पोळीचे चटके वाचवायला गेलो आणि हात तव्यावर. तुमच्याकडे हे आकडे सामान्य माणसाला कळतात तरी?

---

पोटोमॅककाठची

कळतात. दर वर्षी पाण्याचा अहवाल प्रत्येक ग्राहकापर्यंत पोचवणं कायद्याने सक्तीचं आहे. ट्रायहॅलोमिथेन किती, हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं किती, शिसं किती, मर्यादा किती, सगळं एका पानात. मी ते पान फ्रिजवर लावते. कोणी वाचत नाही, पण लावते.

---

जुना टनर

ताई, इथेच माझं दुखणं आहे. आपल्या मानकातही चौघांची मर्यादा आहे. क्लोरोफॉर्म लिटरला २०० मायक्रोग्रॅम, ब्रोमोफॉर्म १००, मधले दोघे १०० आणि ६०. पण हे मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. मी होतो तिथे रोजच्या वहीत गढूळपणा, आरसी, कोलिफॉर्म (मैल्याची खूण सांगणारे जंतू). आरसी म्हणजे उरलेला क्लोरीन, खात्यातली बोलीभाषा. ट्रायहॅलोमिथेनचा रकाना एकतीस वर्षांत मी वहीत पाहिला नाही. मी तसं पत्र दिलं होतं, त्यावर ‘पाहिले’ असा शेरा आला.

करता येण्यासारखं मात्र बरंच होतं आणि त्याला पैसेही फार लागत नव्हते. आमच्याकडे कच्च्या पाण्यातच क्लोरीनचा जबर डोस मारायचे, शेवाळं येऊ नये म्हणून. म्हणजे सगळा सेंद्रिय माल पाण्यात असतानाच त्याची क्लोरीनशी गाठ घालून द्यायची! तोच डोस क्लॅरिफायरच्या पुढे, पाणी निवळल्यावर दिला तर क्लोरोफॉर्म बराच कमी होतो. तुरटी किंवा पीएसीचा (तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) डोस जार टेस्ट करून, म्हणजे आधी भांड्यांत थोड्या पाण्यावर करून पाहून ठरवला तर आणखी कमी. एका पावसाळ्यात नव्या साहेबांनी ते करून पाहिलं. प्री-क्लोरीन निम्म्यावर आणला, शेवटचा आरसी तेवढाच राहिला, उलट क्लोरीनचे टनरही (टनभर वायूचे सिलिंडर) कमी लागले. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली आणि पाणी पुन्हा जुन्या वळणावर गेलं.

---

पाणीपट्टी थकीत

आम्ही खेड्यातले, सातारा जिल्हा. आमच्याकडं क्रोमॅटोग्राफ सोडा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी मिळाली तरी सण. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर हे पाठ आहे. पण ती पावडर ताजी असंल तर ३३ टक्के क्लोरीन, आणि गोणी उघडी पडून दमट झाली की नुसता चुना उरतो. २० टक्क्यांच्या खाली गेली की वापरू नका म्हणतात. मग वॉटरमन अंदाजानं डबल टाकतो, एक दिवस पाणी दवाखान्यासारखं, दुसऱ्या दिवशी ओटी टेस्टला (क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं ती) पिवळा थेंबसुद्धा नाही. बाया टाकीवर येऊन भांडत्यात, ‘भाजी काळी पडती, डाळ शिजत नाही.’ डाळीचा आणि क्लोरीनचा काय संबंध ते देव जाणे.

पावसाळ्याआधी पाहणी होऊन कार्ड मिळतं, हिरवं, पिवळं किंवा लाल. दोन वर्षांमागं आम्हाला लाल मिळालं होतं. त्या साली वस्तीवर गॅस्ट्रो आला, चौदा जण सलाईनवर. आता आमच्या गावात कोणाला कॅन्सरचं पत्र वाचून दाखवा बरं.

---

जुना टनर

थकीत, तुमचा प्रतिसाद माझ्या सभेत वाचून दाखवतो, परवानगी असेल तर. डाळ पाण्याच्या जडपणामुळे शिजत नाही, क्लोरीनमुळे नाही, ते बायांना सांगा. ऐकणार नाहीत, तरी सांगा. आणि ओटीचं ते ऑर्थोटोलिडीन हातावर सांडू देऊ नका, ते स्वतःच संशयितांच्या यादीत आहे. टेस्ट केलेलं पाणी पिण्याच्या पिंपात परत ओतणारे मी पाहिलेत.

---

आळशी मांजर

काका, घरात काय करायचं ते एकदा सांगून टाका. उकळून उपयोग होतो?

---

जुना टनर

होतो. क्लोरोफॉर्म ६१ अंशालाच उकळतो, झाकण न ठेवता पाच मिनिटं खळखळ उकळलं की बराचसा उडतो. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं मात्र उडत नाहीत. कोळशाचा, म्हणजे कार्बनचा फिल्टर ट्रायहॅलोमिथेन धरून ठेवतो, पण त्याची कांडी वेळेवर बदलायला हवी. आणि हा फिल्टर राखणदारालाही काढून टाकतो, तेव्हा ते पाणी दोन-दोन दिवस साठवू नका. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. झालं.

---

शंकासुर

आणि तुमच्या सोसायटीतल्या हायपोचं?

---

जुना टनर

आज सकाळी खजिनदारांना टाकीपाशी घेऊन गेलो. हायपो बंद होऊन सहा दिवस. ओटीचे थेंब टाकले, पाणी पांढरं ते पांढरंच. मग वॉचमनला विचारलं, आधी किती टाकायचास? ‘एक मग.’ आमची टाकी वीस हजार लिटरची. दोन मिलिग्रॅमचा डोस धरला तर ४० ग्रॅम क्लोरीन, दहा टक्क्यांच्या ताज्या हायपोचे ४०० मिली. मग लिटरचा. म्हणजे आम्ही अडीचपट ओतत होतो, आणि कॅन गच्चीवर उन्हात. उन्हात हायपो मरतो आणि त्यात क्लोरेट नावाचा नको असलेला क्षार वाढत जातो, ती वेगळीच भानगड. तेव्हा खजिनदारांचा ठराव चुकीचा, पण तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. तेही मी त्यांना सांगितलं. एकदम मऊ झाले.

ठरलं असं, की ४०० मिलीचं माप, कॅन जिन्याखाली सावलीत, आणि एक नमुना खासगी प्रयोगशाळेत ट्रायहॅलोमिथेनसाठी. त्यांनी बाटल्या दिल्यात, आत थायोसल्फेट घातलेलं, म्हणजे वाटेत क्लोरीनचं काम थांबतं. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर क्लोरोफॉर्म त्या बुडबुड्यात निघून जातो. खजिनदार म्हणाले मीच भरतो. भरली, उलटी केली, आत वाटाण्याएवढा बुडबुडा. उद्या पुन्हा भरायची आहे.

---

चिंचोके

आकडा आला की इथेच टाका. तोवर आमचे चिरंजीव अंघोळ पुढे ढकलतायत.